पायावरचे डाग

मराठीतला ‘डाग’ हा शब्द मोठा दुटप्पी आहे. सोन्याचा असला तर बायका तो चारचौघींत मिरवतात. अंगावर उठला तर पदराखाली झाकतात. त्यातून नडगीवरचा डाग झाकायला सर्वांत सोपा! बायकांची साडी घोट्यापर्यंत, आम्हा पुरुषांची विजार बुटापर्यंत. आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी असे तपकिरी ठिपके दोन वर्षे झाकले. दुखत नव्हते, खाजत नव्हते. मनात मात्र एकच धास्ती – ‘तो’ रोग तर नसेल? अखेर रक्त तपासले, तेव्हा निघाला मधुमेह. नडगीवर वाटोळे, किंचित खोलगट, न दुखणारे तपकिरी डाग मधुमेह्यांत पुष्कळदा दिसतात. त्या डागांना औषध लागत नाही, साखरेला लागते. वहिनींचे ते दोन वर्षे उशिरा सुरू झाले.

हे डाग गुडघ्याखालीच का, असे कुणी विचारील. पायातल्या रक्ताला हृदयाकडे परतताना सगळ्यांत मोठा चढ चढावा लागतो. शिरांतल्या झडपा आणि पोटरीचे स्नायू त्याला वर ढकलतात. फळ्यापुढे तासन्‌तास उभे राहणारे आम्ही मास्तर, न्हावी, वाहतूक-पोलीस – आमच्या झडपा थकल्या की रक्त तळाशी तुंबते, बारीक वाहिन्यांतून तांबड्या पेशी झिरपतात आणि त्यांतले लोह कातडीत राहून जाते. गंजच म्हणा ना! तो घासून निघत नाही. संध्याकाळी घोटे सुजत असतील तर डॉक्टरांना विचारूनच घट्ट मोजे घालावेत. फिलाडेल्फियाच्या डॉक्टर शांबर्ग यांनी १९०१ साली वर्णिलेला आणखी एक प्रकार आहे : पायावर तिखट भुरभुरल्यासारखे ठिपके. दिसायला भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी.

लाल ठिपक्यांची एक परीक्षा घरीच होते, आणि ती विद्यापीठाच्या परीक्षेहून पुष्कळ सोपी आहे. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून धरा. ठिपका फिका पडला तर रक्त वाहिनीतच आहे. तसाच राहिला तर ते बाहेर आले आहे. म्हातारपणाची नाजूक कातडी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एवढेच कारण पुष्कळदा असते. पण जोडीला ताप असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा मुलाचे पोट आणि सांधे दुखत असतील, तर हळद-चंदन उगाळत बसू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. पावसाळ्यापाठोपाठ डेंग्यू येतो, त्यातही असे ठिपके उठतात.

राहिला ‘तो’ रोग. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा आजूबाजूच्या कातडीहून फिका किंवा तांबूस असतो आणि तिथे स्पर्श नीट कळत नाही. तसे आढळले तर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतल्या की रोग बरा होतो. आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत घरच्यांना लागण होण्याचे भयही राहत नाही.