‘दुर्मीळ’ गाठ आणि वेगवेगळे वाचलेले दोन आकडे

पॅराथायरॉईड ग्रंथींची पहिली नोंद माणसात नव्हे, भारतीय गेंड्यात झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचे विच्छेदन करताना १८५० च्या सुमारास त्या रिचर्ड ओवेन यांच्या नजरेस पडल्या. माणसातील सविस्तर वर्णन १८८० चे. थायरॉईडच्या मागे दडलेल्या या ग्रंथी बहुधा चार असतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी.

त्यांपैकी एखादीत सौम्य गाठ, म्हणजे अ‍ॅडेनोमा, झाली की ती रक्तातील कॅल्शियमला न जुमानता संप्रेरक स्रवत राहते. हाडे झिजतात, मुतखडे होतात. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ मानतात. माझ्या मते हा शब्द रोगाइतकाच आपल्या मापनाविषयीही सांगतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात स्वयंचलित यंत्रे नेहमीच्या रक्ततपासणीत कॅल्शियम मोजू लागली आणि कोणतेही लक्षण नसलेले रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. भारतातील रुग्णालयांच्या अहवालांत मात्र बहुतेक रुग्ण हाडे दुखल्यावर, मोडल्यावर किंवा खडे झाल्यावरच पोहोचलेले दिसतात. खडे पुन्हा पुन्हा झाले तरी आपण बोअरच्या पाण्याला दोष देऊन मोकळे होतो!

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला निदानाचे तर्कशास्त्र ओळखीचे वाटेल. कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथीने संप्रेरक जवळपास थांबवायला हवे. म्हणून कॅल्शियम ११.२ आणि संप्रेरक ‘नॉर्मल’ मर्यादेत, ही जोडी नॉर्मल नव्हे. फीडबॅक तुटल्याची ती खूण आहे. अहवालात मात्र प्रत्येक आकड्याची मर्यादा स्वतंत्र छापलेली असते. त्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता, जी आपल्याकडे सर्रास आढळते, कॅल्शियम खाली ओढून गाठ झाकू शकते, आणि गाठ नसतानाही संप्रेरक वाढवू शकते. एका आनुवंशिक स्थितीतही रक्ताचे आकडे असेच येतात, पण तिथे शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरते. म्हणून लघवीतील कॅल्शियमही पाहावे लागते.

टेक्नेशियमचा स्कॅन आम्हा भौतिकशास्त्रज्ञांना मोहवतो: सहा तासांचे अर्धायुष्य, १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण, मायटोकॉन्ड्रियांनी भरलेल्या गाठीत रेंगाळणारे द्रव्य. पण तो गाठ कुठे आहे हे सांगतो. आजार आहे की नाही हे रक्तच ठरवते. स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवणे चूक आहे.

वारंवार मुतखडा होणाऱ्या किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या प्रत्येकाचे कॅल्शियम अल्ब्युमिनसह तपासावे, आणि ते वाढलेले आढळल्यास संप्रेरकही. प्रयोगशाळांच्या संगणकांनी दोन्ही आकड्यांची जोडी तपासून अहवालाखाली इशाऱ्याची एक ओळ छापावी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.