ब्रशचा फराटा

परवा साताऱ्याहून एस.टी.ने कराडमार्गे सांगलीला येत होतो. वाटेत एका भिंतीवर जुनी जाहिरात दिसली : ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’. तारीख पुसली होती. ‘जंगी’ मात्र अजून दंड थोपटून उभे! वेलांटी वळताना ब्रशमधला रंग संपला होता आणि केसांचे ओरखडे तसेच राहिले होते. अक्षराचा सारा जोर त्या ओरखड्यांतच होता.

आता असले फराटे संगणकावर तयार मिळतात. माझी हरकत नाही. पण बहुतेक फाँटांत शब्दात दोन ‘क’ आले, की दोन्हींवर तोच ओरखडा, त्याच जागी! पेंटरचा दुसरा ‘क’ पहिल्यासारखा कधीच नसतो.

या अक्षराला मोठी जागा आणि थोडे शब्द लागतात. कुस्ती, तमाशा, नाटकाचे नाव यांना ते शोभते. बारीक मजकुरात जोडाक्षरे बुजतात. लग्नपत्रिकेत ते पाहुण्यांवर ओरडते. कमल शेडगे नाटकाचा स्वभाव ओळखून त्याच्या नावाचे अक्षर काढत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ पाहिलेल्या सांगलीला हे वेगळे काय सांगावे?

तरीही पुतण्याच्या किराणा दुकानाची पाटी मीच, स्वस्त पडते म्हणून, फ्लेक्सवर छापून घेतली. दोन पावसाळ्यांत तिचा रंग उडाला. आमच्या गल्लीतला पेंटर हल्ली घरांना डिस्टेंपर मारतो. या वेळी त्यालाच बोलावले आहे. ‘काका किराणा’मधले तिन्ही ‘क’ वेगळे येतील, एवढे नक्की.