समाजकार्याचे क्षेत्रकार्य : सेवा हवी, मग विद्यावेतन का नको?

रायपूर शहराला लागून असलेले बीरगांव हे छत्तीसगडमधील कामगारांचे शहर आहे. उरला औद्योगिक क्षेत्रातील लोखंड-पोलादाच्या कारखान्यांभोवती येथील वस्त्या वाढल्या. शिधापत्रिकेचे हस्तांतर, मुलांचा शाळाप्रवेश, कारखान्यातील अपघाताची भरपाई, धुरामुळे होणारे आजार हे अशा वस्त्यांचे नेहमीचे प्रश्न आहेत. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने शिकावे ते येथेच. मात्र या शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

क्षेत्रकार्य हा समाजकार्य अभ्यासक्रमाचा कणा मानला जातो. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने या विषयाची देशातील पहिली संस्था सुरू झाली, तेव्हापासून वस्तीतील प्रत्यक्ष काम हा शिक्षणाचा अविभाज्य भाग राहिला आहे. एमएसडब्ल्यूचा विद्यार्थी साधारणपणे आठवड्यातील दोन दिवस एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत घालवतो. तो गृहभेटी देतो, अर्ज भरून देतो, नोंदी ठेवतो. त्याच्या श्रमाचा लाभ संस्थेला होतो. प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजगाराचा भार बहुधा त्याच्यावरच पडतो.

<b>योजना आहेत, पण...</b>

सरकारी प्रशिक्षण योजनांनी ही उणीव भरून काढलेली नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५ हजार रुपयांची तरतूद होती. मात्र तेव्हाच्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षण घेणारे आणि पदव्युत्तर पदवीधारक त्यास अपात्र होते. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १० हजार रुपये देऊ केले. तेथेही शिक्षण सुरू असलेल्यांना वगळण्यात आले. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपच्या काळात विद्यावेतन मिळावे, हे तत्त्व मात्र नियमांत मान्य झाले आहे.

ऑस्ट्रेलियाने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले. तेथे १ जुलै २०२५ पासून परिचर्या, प्रसूतिसेवा व अध्यापन यांबरोबरच समाजकार्याच्या गरजू विद्यार्थ्यांनाही सक्तीच्या क्षेत्रकार्याच्या काळात दर आठवड्याला ३०० डॉलरहून अधिक रक्कम दिली जाऊ लागली.

<b>पैसा कोठून?</b>

सेवाभावाला मोल लावू नये, असा युक्तिवाद यावर केला जातो. छत्तीसगडचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. २००२ मध्ये येथे सुरू झालेला मितानिन कार्यक्रम प्रारंभी गावोगावच्या स्त्रियांच्या विनामोबदला सेवेवर उभा होता. पुढे त्यांच्या कामासाठी प्रोत्साहन रक्कम देण्यात येऊ लागली. त्यामुळे सेवेचे मूल्य घटले, असे कोणी म्हणत नाही.

छोट्या स्वयंसेवी संस्थांची विद्यावेतन देण्याची ऐपत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे एक उत्तर बीरगांवच्या कारखान्यांतच सापडू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार वर्षाला ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक निव्वळ नफा मिळवणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करावे लागतात. त्यात परिसराला प्राधान्य देण्याची अपेक्षा आहे आणि शिक्षण हा त्या खर्चाचा मान्य विषय आहे.

अर्थात, यात धोकाही आहे. ज्या कारखान्याच्या धुराविषयीच्या तक्रारी विद्यार्थ्याने नोंदवायच्या, त्याच कारखान्याकडून त्याने थेट पैसे घेणे योग्य ठरणार नाही. म्हणून हा निधी विद्यापीठाकडे एकत्र जमा व्हावा, वाटपाचे नियम विद्यापीठाने ठरवावेत आणि कोणत्या वस्तीत काम करायचे, यात देणगीदाराला शब्द नसावा.

हा प्रश्न केवळ काही हजार रुपयांचा नाही. विनावेतन क्षेत्रकार्य ज्याला परवडते, तोच समाजकार्यकर्ता होणार असेल, तर कामगाराच्या घरातील मुलगी या व्यवसायात येणार कशी? वस्तीचे दुःख जिला शिकवावे लागत नाही, तिलाच ही व्यवस्था दाराबाहेर ठेवत आहे.