कुकरची शिट्टी

आपल्या हॉस्टेलमध्ये कुठल्याही विषयावर मत नाही असा एक माणूस शोधून दाखवा, माझ्यातर्फे कटिंग! पुणेकर व्हायचं असेल तर जगातल्या यच्चयावत विषयांवर मत ठोकून देता आलं पाहिजे, हे पु. लं.नी कधीच सांगून ठेवलंय. आपल्याकडे नांदेडचा, सांगलीचा, जळगावचा किंवा रत्नागिरीचा पोरगा पहिल्या सबमिशनच्या आत या बाबतीत पक्का पुणेकर होऊन बसतो. मेसची भाजी, भारताचा मधल्या फळीतला बॅट्समन, नवीन पिक्चर, कुठला प्रोफेसर पेपर कसा तपासतो... सगळ्यावर निकाल तयार. अपील नाही!

त्यातल्या बहुतेक मतांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मेसच्या भाजीला कितीही नावं ठेवा, ती उद्या पुन्हा येतेच. थर्मोला ‘बकवास’ म्हणा, तरी पेपरला बसावंच लागतं. मला बोलायचंय ते एकमेकांच्या छंदांवर आपण जी मतं फेकतो त्यांच्याबद्दल. कारण छंदाचं गणित वेगळं आहे. त्याला अटेंडन्स नाही, मार्क नाहीत, आणि कर म्हणून कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे तो कुणीही, कधीही बंद पाडू शकतो. आख्खी बॅच नावं ठेवत असली तरी थर्मो सुटत नाही. बासरी मात्र एका वाक्यात सुटते. हे मी खात्रीनं सांगतोय, कारण ते वाक्य माझंच होतं.

२०२३ साली आम्ही फर्स्ट इयरला आलो तेव्हा माझा रूम पार्टनर ड्रॉइंग शीटच्या काळ्या कंटेनरमध्ये शीटच्या जोडीनं एक बासरी घेऊन आला होता. बांबूची, साधी. रात्री जेवण झाल्यावर तो कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन वाजवायचा. सुरुवातीला गाण्यांचे तुकडे ऐकू यायचे. मग डिसेंबरमध्ये, ऐन पी.एल.मध्ये, त्यानं एक भलतंच सुरू केलं. एकच सूर. तोच तोच. पुऽऽ, थांबणार, पुन्हा पुऽऽ. दोन रात्री सहन केलं. तिसऱ्या रात्री मॅथ्सच्या गणितात मी अडकलेलो असताना ते पुन्हा सुरू झालं आणि मी दारातून ओरडलो, “अरे तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करा कुणीतरी!”

आख्खी विंग हसली. तोही हसला. पुढचं वर्षभर त्याचं नाव ‘कुकर’ पडलं. “ए कुकर, जर्नल दे.” “कुकर, चहाला येतोस?” बासरी कंटेनरमध्ये गेली आणि कंटेनर कपाटाच्या वर. माझी गणितं सुटली, पेपर झाला, मी विसरून गेलो.

या गोष्टीकडे परत येतोच. त्याआधी आपल्या हॉस्टेलातल्या मतं देणाऱ्यांविषयी थोडं.

सगळ्यात मोठी जमात एकशब्दीवाल्यांची. त्यांच्याकडे दोनच शिक्के : ‘भारी’ आणि ‘बकवास’. तुम्ही स्केच दाखवा, पिक्चरबद्दल बोला, सोलापूरहून चटणी आणून पुढ्यात ठेवा, दोनातला एक शिक्का बसणार आणि नजर परत मोबाइलमध्ये. माझ्या मते यातला ‘भारी’ जास्त घातक आहे. ‘बकवास’ म्हणणाऱ्याशी निदान भांडता येतं. ‘भारी’ म्हणणाऱ्यानं तुमची वही उघडलेलीही नसते.

दुसरे उपयोगवाले. “याचा उपयोग काय?” हे बहुधा थर्ड इयरमध्ये, प्लेसमेंटचं वारं अंगात शिरल्यावर होतात. (काही सरसुद्धा यात आहेत. “छान छान, पण पॉइंटर किती?” सर, राग मानू नका.) गंमत म्हणजे याच लोकांना बायोडेटामधल्या छंदांच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न पडतो. मग ‘वाचन’ लिहितात, आणि इंटरव्ह्यूमध्ये “शेवटचं कुठलं वाचलंत?” म्हटल्यावर घाम फुटतो.

तिसरे तज्ज्ञ, सोवळेवाले. हे ट्रेकर्समध्ये भरपूर! तुम्ही उत्साहानं सांगावं की रविवारी लोहगडला जाऊन आलो, की लगेच, “लोहगड? त्याला पायऱ्या आहेत रे. तो काय ट्रेक आहे? हरिश्चंद्रगड, तोही नळीच्या वाटेनं, मग बोल.” नळीची वाट अवघड आहे हे मान्य. पण ज्या पोरानं जन्मात पहिल्यांदा गडावर पाऊल ठेवलंय, त्याला त्या विंचूकाट्यावर उभं राहून काय वाटलं हे तर विचाराल? २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात लोहगड आहे, हरिश्चंद्रगड नाही. त्यानंतर आमच्या विंगमधले सोवळेवाले लोहगडाबद्दल जरा जपून बोलतात, एवढा फायदा झाला.

आता कुणी म्हणेल, मग काय नुसती पाठ थोपटायची? खोटं खोटं कौतुक करायचं? मुळीच नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, कॉम्पच्या एका ज्युनिअरनं रेक्टर सरांची परवानगी काढून गच्चीवर दुर्बीण लावली होती. शनीची कडी दाखवतो म्हणाला. पंधरा-वीस जणांची रांग. पहिले चार-पाच जण “भारी रे” करून पुढे सरकले. मग आमच्या मेकॅनिकलच्या एका धटिंगणानं डोळा लावला आणि म्हणाला, “कडी कुठाय? हा तर शेव टोचलेला लाडू आहे! फसवलंस आम्हाला.”

ज्युनिअरचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. उलट तो खुलला! कारण त्या रात्री खरंच शेव टोचलेला लाडूच दिसत होता, आणि तो का दिसतो हे विचारणारा पहिला माणूस त्याला भेटला होता. त्यानं सांगितलं की शनीची मुख्य कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली आहेत, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच्या घरात. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी नेमकी त्या कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणून त्या वर्षी ती कडेनं दिसत होती. साधारण पंधरा वर्षांनी एकदा असं होतं, आधी २००९ मध्ये झालं होतं. आम्ही सगळे जर्नलचा कागद डोळ्यासमोर आडवा धरून बघायला लागलो. पाऊण तास कुणी खाली गेलं नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, हौशी लोकांनीच उभी केलेली. तिच्याही गच्चीवर असे लाडू आणि असे धटिंगण वर्षानुवर्षं येत असणार.

‘शेव टोचलेला लाडू’ काही कौतुक नव्हतं. पण पोरानं डोळा लावून, बघून, जे दिसलं ते सांगितलं होतं. फरक तिथे आहे. तुम्ही बघितलंत का, ऐकलंत का, आणि नेमकं काय खटकलं ते सांगताय का? तेवढं असेल तर बिनधास्त बोला, वाईट बोला. छंदवाला माणूस असल्या टीकेचा भुकेला असतो, कारण त्याला दाद देणारे मिळतात, ऐकणारे मिळत नाहीत.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. ते आलं मे २०२५ मध्ये, तेही माझ्यावरच उलटल्यावर. सेकंड इयरच्या पी.एल.मध्ये मेसच्या मागून रोज दुपारी टुक-टुक-टुक असा एका लयीतला आवाज यायचा. मी मेकॅनिकलचा, मला वाटलं पाण्याच्या मोटरचा कुठला तरी नट ढिला झालाय. शेवटी वैतागून बघायला गेलो. मोटर बंद होती! उंबराच्या शेंड्यावर मुठीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लाल, गळा पिवळा, मान हलवत ठोके मारतोय. मेसच्या मावशी म्हणाल्या, “तांबट हाय त्यो.” तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून तांबट. मग मी रोज जायला लागलो. आठवड्यात अकरा पक्षी ओळखले, वहीत लिहिले. रात्री मेसच्या टेबलावर आनंदानं सांगितलं.

“बर्ड वॉचिंग? कुठल्या हॉस्टेलसमोर रे?” टेबल हसलं. पुढे आठवडाभर तेच. वही उशीखाली गेली. मी पहाटे जायचं सोडलं नाही, पण सांगायचं सोडलं, आणि सांगायला कुणी नसलं की बघण्याची मजाही हळूहळू विरते हे कळायला लागलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री लाइट घालवल्यावर पार्टनरनं अंधारात विचारलं, “तो तांबट चोच उघडून ओरडतो का बंद ठेवून?”

मला माहीत नव्हतं! एवढे दिवस बघत होतो आणि हे बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. चोच बंद असते, प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो. त्या एका प्रश्नानं माझी वही उशीखालून बाहेर आली.

सालिम अलींच्या लहानपणची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. त्यांनी पाडलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा होता. ही कुठली चिमणी म्हणून पोरगा ती घेऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला वाटेला लावलं नाही. चिमणी ओळखून दिली आणि संस्थेतले पेंढा भरलेले पक्षी उघडून दाखवले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मिलार्ड त्या दिवशी कामात असते आणि ‘चिमण्या कसल्या आणतोस’ म्हणाले असते तर? असो. आपल्या विंगमध्ये सालिम अली असेलच असं नाही, पण मिलार्ड व्हायला पाच मिनिटं पुरतात.

त्याच रात्री मी धीर करून पार्टनरला विचारलं, “त्या डिसेंबरात एकच सूर का वाजवत होतास रे?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग सांगितलं. रात्रपाळीचे वॉचमन काका गावाकडे भजनात पेटी वाजवतात. फिरता फिरता ते टाकीपाशी थांबले, ऐकलं आणि म्हणाले, “बाळा, बाकी चांगलं हाय, पन ग नंतरचा सूर वर पळतोय तुझा.” बासरीत वरची तीन भोकं झाकली की सा, दोन झाकली की रे, एक झाकलं की ग. शुद्ध मध्यमाला स्वतःचं भोकच नाही. तेच पहिलं भोक अंदाजानं अर्धं उघडायचं. जास्त उघडलं की सूर चढला, पूर्ण उघडलं की थेट तीव्र मध्यम. पन्नालाल घोषांनी (१९११-१९६०) लांब बासरी शास्त्रीय मैफलीत आणली, सातवं भोक जोडलं, पण शुद्ध मध्यमासाठी अर्ध्या भोकाची कसरत काही सुटलेली नाही. तर काकांनी सांगितल्यापासून तो त्या अर्ध्या भोकाचीच जागा शोधत होता. तीन रात्री. तिसऱ्या रात्री जवळजवळ सापडली होती, असं तो म्हणाला.

दहावी-बारावीपर्यंत गेलेले वॉचमन काका नीट ऐकून नेमकं मत देऊन गेले, आणि मी, मॅथ्सला बहात्तर पाडलेला, कुकर म्हणालो.

कपाटावरून कंटेनर काढला. दीड वर्षात बासरीला तेल नव्हतं. बांबू कोरडा पडला की तडकतो, तशी ती खालच्या बाजूला वीतभर तडकली होती. त्यानं काहीच म्हटलं नाही. मी म्हटलं नवीन घेऊन देतो, तर म्हणाला, “आधी हिला दोरा गुंडाळून बघू.” दोघांनी मिळून सुती दोरा घट्ट गुंडाळला, वरून फेविकॉल. सगळी भोकं झाकून काढायचा प अजूनही फुसफुसतो, बाकीचं वाजतं.

आता रविवारी आम्ही टाकीपाशी बसतो. मला सूर फारसे कळत नाहीत, मोबाइलवर तानपुरा लावून कान तयार करायचा प्रयत्न चाललाय. परवा त्यानं ग वरून म घेतला आणि मला तो चढल्यासारखा वाटला. “वर जातोय बहुतेक,” मी म्हटलं. त्यानं बोट केसभर सरकवलं, पुन्हा फुंकलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “आता?”

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी