आठवड्यातले उरलेले १५६ तास

आठवड्याचे तास १६८. डायलिसिसचा रुग्ण साधारणपणे तीन वेळा, चार-चार तास मशीनवर असतो. म्हणजे बारा तास. उरलेल्या १५६ तासांत तो कसा जगतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

दारव्ह्याहून यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर. उपचारासाठी तिथे जाणाऱ्या वृद्धाचा अख्खा दिवस जातो, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे. पैशाची अडचण कमी झाली. शरीराची झीज थांबलेली नाही.

उतारवयात स्नायू आधीच कमी होतात. त्यात डायलिसिसमध्ये प्रथिने वाहून जातात, थकव्यामुळे हालचाल मंदावते, रक्तदाब उतरून पडण्याची भीती असते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शुश्रूषागृहांतील अतिदुर्बल वृद्धांपैकी फक्त १३ टक्के जणांची पूर्वीची कार्यक्षमता डायलिसिसच्या वर्षभरानंतर टिकली होती. सर्वच वृद्धांना हा आकडा लागू नाही, पण इशारा स्पष्ट आहे.

उपायही आहे. इटलीतील २०१७ च्या अभ्यासात रुग्णांनी सहा महिने घरीच चालण्याचा सोपा व्यायाम केला. सहा मिनिटांत चालता येणारे त्यांचे अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले.

घरच्यांनी 'तुम्ही नुसते पडून राहा' म्हणू नये. डॉक्टरांना विचारून अंगणात चालणे, खुर्चीतून उठबस करणे सुरू करावे. डायलिसिसहून आल्यावर मात्र विश्रांती घ्यावी. डायलिसिसपूर्वीचे कमी प्रथिनांचे पथ्य नंतर बदलते, हे अनेकांना ठाऊक नसते. आहार नव्याने ठरवून घ्यावा.

शासनाने केवळ मशीनची संख्या मोजू नये. प्रत्येक केंद्रात फिजिओथेरपिस्ट व आहारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी यायला हवेत. आणि रुग्णाला एक प्रश्न विचारला जावा: तुम्हाला काय करता यायला हवे आहे? कुणाला शेतापर्यंत जायचे असते, कुणाला स्वतःच्या हाताने आंघोळ करायची असते. अतिदुर्बल रुग्णाला डायलिसिसऐवजी त्रास कमी करणारे उपचार हवे असतील, तर तोही निर्णय मानाने ऐकला पाहिजे. उपचाराचे यश या उत्तरांवरून मोजावे.