परत आलेले ताट

आयुष्यभर ज्या गृहिणीने घराला जेवू घातले, तिच्यावरच कर्करोगाचे उपचार सुरू होतात आणि सत्तरी ओलांडलेल्या पतीवर प्रथमच स्वयंपाकाची जबाबदारी येते. मोठ्या मायेने वाढलेले ताट दोन घासांनंतर बाजूला सारले जाते. ‘एवढे केले आहे, थोडे तरी खा,’ हा आग्रह प्रेमाचाच असतो. परंतु रुग्णाला त्याचे ओझे होते. अन्न नाकारले, म्हणजे तुम्हाला नाकारले असे नव्हे.

केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही त्यांतच येतात. म्हणून तोंड येते, चव पालटते. कालपर्यंत आवडणारी आमटी आज धातूसारखी लागते. अशा वेळी स्टीलऐवजी चिनी मातीची वाटी आणि लाकडी चमचा वापरून पाहावा. तोंड आले नसेल, तर लिंबाचे चार थेंब किंवा कोकम जिभेला चव आणते. तोंड आले असेल, तर आंबट, तिखट व कडक पदार्थ टाळून गुरगुट्या भात, मुगाची मऊ खिचडी किंवा नाचणीची पेज कोमट करून द्यावी.

फोडणीचा खमंग वासही मळमळ वाढवतो. तेव्हा स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यावे आणि वाफाळते अन्न निवल्यावरच समोर न्यावे. केमोच्या दिवशी मुद्दाम आवडीचा पदार्थ करू नये. त्या दिवशीची मळमळ मनात त्या पदार्थाशी जोडली जाते आणि पुढे तोच नकोसा होतो.

दोन भरल्या ताटांऐवजी दिवसातून सहा वेळा अर्धी-अर्धी वाटी द्यावी. घास थोडे असल्याने प्रत्येक घासाला कस हवा: वरणात चमचाभर तूप, खिचडीत कुस्करलेले पनीर, दुधात थोडी दूध पावडर. चालत असल्यास पूर्ण शिजवलेले अंडे द्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

उपचारांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि प्रतिकारशक्ती उणावते. म्हणून दूध उकळलेले, अन्न ताजे आणि हात स्वच्छ धुतलेले असावेत. बाहेरचा रस, उघड्यावरची चटणी नको. कच्च्या कोशिंबिरीविषयी डॉक्टरांना विचारावे. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा. कोणी सुचवलेले काढे व चूर्णेही डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नयेत. काही वनौषधी उपचारांच्या आड येतात.

आठवड्यातून एकदा वजन नोंदवावे. ते उतरत असेल, किंवा दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, तर त्वरित कळवावे. ती आग्रहाने सोडवण्याची गोष्ट नव्हे. तिच्यावर औषधे आहेत.

आणि एक विनंती. रुग्ण जेवत नाही म्हणून स्वतः उपाशी राहू नका. दोन वाट्या भरा, एक त्यांना द्या, एक स्वतः घ्या आणि शेजारी बसा. त्यांचे चारच चमचे पोटात गेले, तरी ती वाटी मुकाट्याने उचला. दोन तासांनी पुन्हा विचारा.