कर नाही त्यालाही डर

म्हणींचा अभ्यास आपण बहुधा भाषेचे वैभव म्हणून करतो. परंतु म्हण हा तयार युक्तिवादही असतो. ती उच्चारली की पुढे विचार करण्याची गरज उरली नाही, असे बोलणाऱ्याला वाटते आणि ऐकणाराही गप्प बसतो. सध्या अशी फार राबवली जाणारी एक म्हण म्हणजे ‘कर नाही त्याला डर कशाला’. चौकात नवा कॅमेरा बसला, रेशन दुकानात अंगठ्याचा ठसा मागितला गेला, मोबाइलमधील एखाद्या ॲपने संपर्कयादी पाहण्याची परवानगी मागितली आणि कोणी कुरकुर केली, की हे उत्तर मिळते. तुम्ही काही लपवत नसाल, तर तुमची अडचण कसली? तुमच्यापैकी अनेकांनी हे ऐकले असेल; काहींनी इतरांना ऐकवलेही असेल. ज्याच्यावर नजर ठेवली जाते, तो अपराधी असेल तरच त्याला त्रास होतो, हे या म्हणीतले गृहीतक आहे. ते आपल्या देशाच्या अनुभवाशी जुळत नाही, असे माझे मत आहे.

उत्तर प्रदेशातील खरकसिंग यांचे प्रकरण पाहा. दरोड्याच्या एका गुन्ह्यात त्यांना पकडण्यात आले आणि पुराव्याअभावी सोडून देण्यात आले. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची नोंद उघडली. रात्री-अपरात्री दार ठोठावून ते घरात आहेत की नाहीत हे पाहिले जाई. परगावी जायचे तर आधी कळवावे लागे आणि तेथील पोलिसांकडे सूचना जाई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी बेकायदा ठरवल्या. परंतु खासगीपणा हा संविधानाने हमी दिलेला हक्क नाही, असेही बहुमताने सांगून टाकले. न्या. सुब्बा राव यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मताला न्याय मिळण्यास पंचावन्न वर्षे लागली.

मराठीच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण ठाऊक असते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते आपण दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या संदर्भात वाचतो. ते वाचताना त्यामागील एका कायद्याकडेही लक्ष द्यावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने संपूर्ण जमातच गुन्हेगार घोषित करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. पुढे त्याची व्याप्ती वाढून मुंबई इलाखाही त्यात आला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी, वस्ती सोडायची तर परवाना. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड राहिली. तेथे जन्मलेल्या मुलाचा अपराध कोणता होता? त्याची नोंद त्याच्या कृत्याने झाली नव्हती, जन्माने झाली होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु पोलिसांची संशय घेण्याची सवय त्याबरोबर रद्द झाली नाही. ‘उचल्या’तील जीवन स्वातंत्र्योत्तर काळातले आहे. वही बंद झाल्यावरही वहीतील शिक्का माणसाच्या कपाळावर राहतो, आणि आजची वही तर बंदच होत नाही.

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतील ‘प्रायव्हसी’साठी मराठी वृत्तपत्रे ‘गोपनीयता’ हा शब्द सर्रास वापरतात. मला तो सदोष वाटतो. गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्याजोगे. मंत्री पदाची व गोपनीयतेची शपथ घेतात. टपालावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो. कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल असतो. हा सत्तेच्या कपाटातला शब्द आहे. तो नागरिकाला लावला की आपोआप प्रश्न उभा राहतो : तू लपवतोस तरी काय? म्हणजे त्या म्हणीला शब्दानेच वाट करून दिली.

‘खासगी’ या शब्दाचे कूळ वेगळे आहे. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ अशी उत्पन्नाची दोन खाती होती. दौलत राज्याची, खासगी राजघराण्यातील स्त्रीची, तिच्या हक्काची. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेली मंदिरे, घाट आणि धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतून झाला. त्यात लपवण्यासारखे काय होते? काशीचा घाट कोणी लपवून बांधत नाही. एवढेच, की त्या खात्याचा विनियोग कसा करायचा हे ठरवणे दौलतीच्या हाती नव्हते. खासगीपणाचा गाभा येथे आहे. आपल्या आजाराविषयी, जातीविषयी, कर्जाविषयी कोणाला किती सांगायचे हे आपण ठरवणे म्हणजे खासगीपणा. आपण सगळ्यांना सांगितले तरी तो शाबूत राहतो, कारण सांगणारे आपण असतो.

त्या काळी असे खाते राजघराण्यापुरते होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते एकमताने सर्वांचे केले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या योजनेला आव्हान दिले होते. असा मूलभूत हक्कच नाही, हा केंद्र सरकारचा युक्तिवाद फेटाळण्यात आला आणि खरकसिंग प्रकरणातील ते विधान रद्दबातल ठरले.

येथे शासनाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. ज्याच्यापाशी जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, सातबारा नाही, त्याला ‘मी आहे’ हे सिद्ध करता येणे ही लहान गोष्ट नव्हे. खोट्या शिधापत्रिकांवरचे धान्य कोणाच्या तरी ताटातून काढलेले असते, हेही खरे. २०१८ मध्ये न्यायालयाने शासकीय अनुदानांसाठी आधारची सक्ती वैध ठरवली, मात्र बँक खाते आणि मोबाइल क्रमांक यांच्याशी जोडणीची सक्ती अमान्य केली. हा निवाडा मला बहुतांशी समतोल वाटतो. व्यवहारात काय उरले, ते आपण जाणतोच : आजही कोठेही काही मागायला गेलो की समोरचा आधी ‘आधारची झेरॉक्स आणली का’ असे विचारतो, आणि ती कशासाठी हे आपण विचारत नाही. झेरॉक्सच्या दुकानातील खराब निघालेली प्रत कोठे जाते, याचा विचार कितीजण करतात?

कर्ज देणाऱ्या ॲपांनी तर या म्हणीचा फोलपणा घरोघरी दाखवून दिला. अशा काही ॲपांनी पाच-दहा हजारांच्या कर्जासाठी ग्राहकाची संपर्कयादी आणि छायाचित्रे उचलली. हप्ता चुकला की त्याच्या सासरच्या माणसांना, मालकाला, शेजाऱ्याला फोन सुरू. कर्ज घेणे हा गुन्हा नव्हे. आणि ज्यांचे क्रमांक त्या यादीत होते, त्यांनी तर कर्जही घेतलेले नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपांना फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रे आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली. शासकीय नियमनाने बाजारात लुडबूड करू नये, असे मानणाऱ्यांनी या एका नियमाचा तरी विचार करावा. एकटा ग्राहक अशा कंपनीशी वाटाघाट करू शकत नाही.

म्हणून कायदा हवा होता, आणि तो आला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. या कायद्यातील संमतीची कल्पना चांगली आहे. ती मुक्त, विशिष्ट, पुरेशा माहितीवर आधारलेली, विनाशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि कामापुरत्या माहितीलाच लागू होते. दूरवैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने संपर्कयादीसाठी संमती मिळवली, तरी उपचाराला ती यादी लागत नसल्याने तेवढी संमती निरर्थक, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. (जाता जाता : या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात व्यक्तीसाठी सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे. व्याकरणाच्या तासाला चर्चेला घेण्याजोगी गोष्ट आहे.) नियमभंग करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही.

हा कायदा कंपन्यांकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने शासनाकडे पाहत नाही. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कोणत्याही शासकीय यंत्रणेला त्यातून सूट देण्याची मुभा केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. याहून खटकणारी गोष्ट माहिती अधिकाराची. २००५ च्या कायद्यातील एका कलमानुसार वैयक्तिक माहिती नाकारता येई, परंतु सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसेल तर. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती त्याला होती. नव्या कायद्याने या अटी आणि ती पुस्ती काढून टाकली. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढे म्हणणे पुरते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद दुसऱ्या कलमात अजून आहे, असे सरकार सांगते आणि ते खरे आहे. परंतु ते जनहित पटवून देण्याचा भार आता अर्जदारावर अधिक पडेल. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावे आहेत का, हे नावे पाहिल्यावाचून कसे कळणार? माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी करणाऱ्या महाराष्ट्राला याची खंत अधिक वाटायला हवी.

क्रमही पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. माहिती अधिकारातील बदल लगेच अमलात आला. नागरिकाच्या संमतीचे रक्षण करणाऱ्या तरतुदींना मात्र अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. दप्तराची गोपनीयता आधी, माणसाचा खासगीपणा मागाहून. एकाच शब्दाने दोन्हींचा निर्देश करण्याची आपली सवय किती महागात पडू शकते, हे येथे दिसते.

या कायद्यातील एक तरतूद मात्र थेट तुमच्या अभ्यासविषयाची आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीबरोबर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीतही. आजवर आपण ‘सहमत’ या शब्दावर बोट ठेवत आलो ते न वाचलेल्या पानाखाली. ते पान आता मराठीत येईल. पण कोणत्या मराठीत? बँका आणि कार्यालये यांची भाषांतरित पत्रके ज्यांनी वाचली आहेत, त्यांना भीती वाटणे स्वाभाविक आहे. ‘उपरोल्लिखित प्रयोजनार्थ सदर विदेचे प्रक्रियाकरण करण्यास अनुमती’ असे लिहिले, तर कायद्याचे पालन झाले असे कंपनी म्हणेल आणि वाचणाऱ्याला काहीही कळलेले नसेल. न कळलेल्या वाक्याला दिलेला होकार पुरेशा माहितीवर आधारलेला कसा?

तुमच्यापैकी काहीजण पुढे अनुवादाचे, कार्यालयीन लेखनाचे काम कराल. काहीजण आजही ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, अंगणवाडीत लोकांचे अर्ज भरून घेत असाल. अशी सूचना लिहिण्याची वेळ आली, तर ती अशी लिहून पाहा : ‘आम्ही तुमचा मोबाइल क्रमांक परीक्षेचे वेळापत्रक कळवण्यासाठी घेत आहोत. निकाल लागल्यावर तो आमच्या यादीतून काढून टाकू. तो दुसऱ्या कोणालाही देणार नाही. तुम्ही क्रमांक दिला नाही, तरी तुमचा अर्ज स्वीकारला जाईल.’